‘आम्ही’ आणि ‘आपण’ : लोकशहाणपण, परका आणि सहजीवनाचा प्रश्न

१

बहुविध समाजात माणसांनी एकमेकांसोबत शांततेने कसे राहावे, या प्रश्नाचे उत्तर परंपरेच्या लोकशहाणपणात शोधण्याची प्रवृत्ती गेल्या काही दशकांत जगभर बळावलेली दिसते. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील न्गुनी भाषांमधली ‘उमुन्तु न्गुमुन्तु न्गाबान्तु’ ही म्हण या संदर्भात वारंवार पुढे केली जाते. ‘माणूस माणसांमुळे माणूस असतो’ असा तिचा ढोबळ अर्थ. आणि तिच्यातून व्यक्त होणाऱ्या माणूसपणाच्या जाणिवेला ‘उबुन्तु’ ही संज्ञा. दक्षिण आफ्रिकेच्या १९९३ च्या अंतरिम संविधानाच्या समारोपात ही संज्ञा आली. १९९५ साली तेथील संविधान न्यायालयाने मृत्युदंड घटनाबाह्य ठरवताना तिचा आधार घेतला. डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखाली १९९६ पासून सुनावण्या घेणाऱ्या सत्य व समेट आयोगाची नैतिक भाषाही मुख्यतः हीच होती. वर्णविद्वेषी राजवटीने दुभंगलेल्या समाजाला सूडाच्या मार्गापासून परावृत्त करण्यात एका म्हणीने एवढा वाटा उचलावा, ही घटना लोकसाहित्याच्या अभ्यासकाला निश्चितच अंतर्मुख करणारी आहे.

मराठी समीक्षेला ही प्रवृत्ती अपरिचित नाही. यावल तालुक्यातील सांगवीत जन्मलेल्या भालचंद्र नेमाडे यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या देशीवादाने मूल्यांचा शोध आपल्या भूमीत, आपल्या भाषेत आणि आपल्या समूहाच्या संचितात घ्यावा, असा आग्रह धरला. या आग्रहामुळे बोली, ओव्या, म्हणी आणि कहाण्या यांच्याकडे केवळ लोकरंजनाची सामग्री म्हणून पाहण्याची सवय मोडली, हे त्याचे मोठे श्रेय. परंतु संचिताकडे वळल्यानंतर त्या संचितातून सहजीवनाचे तत्त्व नेमके कसे मिळवायचे, हा प्रश्न उरतोच. परंपरेतील शहाणपण जसे हाती येते तसेच ते मूल्य म्हणून स्वीकारावे काय? की त्याला काही प्रश्न विचारावे लागतील? खानदेशच्या, म्हणजे जळगाव-धुळे परिसराच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करणे विशेष उद्बोधक ठरेल. कारण येथे शहाणपणाचे संचित जेवढे समृद्ध आहे, तेवढीच त्याची कसोटी अलीकडच्या काळात कठोर झाली आहे.

२

आफ्रिकी समूहविचाराचा सारांश सांगताना ‘मी’चे अस्तित्व प्रथमपुरुषी अनेकवचनावर उभे असते, असे म्हटले जाते. इंग्रजीत हे विधान अडचणीवाचून करता येते. मराठीत आणताना मात्र अनुवादकाला थांबावे लागते. कारण मराठीजवळ त्या अनेकवचनासाठी दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ हे ऐकणाऱ्याला वगळते, ‘आपण’ त्याला सामावून घेते. ‘आम्ही आहोत म्हणून मी आहे’ आणि ‘आपण आहोत म्हणून मी आहे’ ही दोन वेगवेगळी नीतिशास्त्रे आहेत. पहिल्यात माणूसपण हे समूहाने आपल्या सभासदाला दिलेले दान ठरते. दुसऱ्यात समोर उभा असलेला, मग तो कोणीही असो, त्या माणूसपणाचा भागीदार होतो. जी संदिग्धता इंग्रजी अनुवादात झाकली जाते ती मराठी व्याकरणामुळे उघडी पडते.

ही संदिग्धता केवळ व्याकरणाची नाही, याचा प्रत्यय इतिहास देतो. ‘बान्तु’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘माणसे’ असाच आहे. पण वर्णविद्वेषी राजवटीने हाच शब्द कृष्णवर्णीयांवर प्रशासकीय शिक्का म्हणून मारला. १९५३ चा बान्तु शिक्षण कायदा हे त्याचे कुप्रसिद्ध उदाहरण. ‘माणसे’ असा अर्थ असलेला शब्द माणसांना कमी लेखण्यासाठी वापरला गेला. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे घडली. मे २००८ मध्ये जोहान्सबर्गजवळच्या अलेक्झांड्रा वस्तीत सुरू झालेल्या आणि इतरत्र पसरलेल्या हिंसाचारात साठांहून अधिक माणसे मारली गेली. मारले गेलेल्यांत बहुसंख्य शेजारच्या आफ्रिकी देशांतून पोटासाठी आलेले स्थलांतरित होते, आणि मारणारेही कृष्णवर्णीय गरीबच होते. या स्थलांतरितांना ‘मक्वेरेक्वेरे’ म्हणून हिणवले जाई. ज्याचे बोलणे कळत नाही, ज्याच्या तोंडून नुसती बडबड ऐकू येते तो, असे या शब्दाचे ध्वन्यनुकारी स्पष्टीकरण दिले जाते. संस्कृत परंपरेतील ‘म्लेच्छ’ या शब्दाची व्युत्पत्तीही अस्पष्ट उच्चाराशीच जोडली जाते, हे येथे आठवावे. परक्याची पहिली ओळख त्याच्या न कळणाऱ्या भाषेने होते. आणि ज्याची भाषा कळत नाही त्याचे माणूसपण संशयास्पद ठरवणे, ही कोणा एका खंडाची मक्तेदारी नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ज्या समाजात उबुन्तुचा उद्घोष झाला त्याच समाजात हे घडले, म्हणून ती म्हण खोटी ठरत नाही. ‘माणसांमुळे’ या पदातील ‘माणसे’ कोण, हे म्हण सांगत नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते. तो निर्णय प्रत्येक पिढीला आपल्या विवेकाने घ्यावा लागतो.

३

खानदेशचा सामाजिक पोत मुळातच बहुरंगी आहे. बुऱ्हाणपूर-सुरत या जुन्या व्यापारी मार्गाने आणि पुढे मुंबई-आग्रा रस्त्याने येथे माणसांची सतत ये-जा राहिली. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून १६०१ पर्यंत थाळनेर आणि बुऱ्हाणपूर येथून फारुकींनी राज्य केले. अहिराणी, लेवा गणबोली, गुजरी, भिल्ली, पावरी, तडवी, बंजारा, उर्दू आणि प्रमाण मराठी या भाषा-बोली एकाच बाजारात ऐकू येतात. सातपुड्याच्या पायथ्याशी यावल, रावेर, चोपडा या भागांत राहणारे तडवी भिल्ल धर्माने मुसलमान आणि जमातीने भिल्ल आहेत; त्यांच्या चालीरीती दोन कप्प्यांच्या वर्गीकरणात बसत नाहीत. जळगावात कार्तिकी एकादशीला निघणारा श्रीरामाचा रथ भिलपुऱ्यात आला की लालशाह बाबांच्या समाधीवर फुलांची चादर वाहिली जाते. पाड्यांवरच्या आदिवासी पंचांत तंटा मिटला म्हणजे दोन्ही पक्षांनी एकत्र खाणेपिणे करावे, अशी रीत आहे. तिच्यात दंडापेक्षा पुन्हा एकत्र बसण्याला अधिक महत्त्व आहे. आफ्रिकेतील झाडाखालच्या सभांविषयी जे गौरवाने लिहिले जाते, त्याचे सगोत्र असे पुष्कळ काही तापीच्या खोऱ्यात सापडते.

परंतु या व्यवहारांचे आतील तत्त्व तपासले की ते बहुधा ‘माना’चे असल्याचे दिसते. अमुक प्रसंगी अमुक जातीचा मान, अमुक घराचा मान, अमुक पिराचा मान. मान म्हणजे वाटून दिलेली जागा. ज्याला जागा आहे त्याच्याशी तंटा होत नाही, झाला तर तो मिटवता येतो. हे शहाणपण क्षुल्लक नाही. अनेक पिढ्यांनी त्याच्या बळावर शेजार सांभाळला आहे. त्याची मर्यादा अशी की जागा वाटून देणारा हात कोणाचा, हे विचारण्याची सोय त्यात नाही. ‘गाव तिथे महारवाडा’ ही म्हणही परंपरेचेच शहाणपण सांगते. तिच्यात सहजीवन आहे, परस्परावलंबन आहे, कित्येक वर्षांची शांतताही आहे. नाही ती समता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर जो कठोर हल्ला केला त्याचे मर्म हेच होते. ज्यांना वेशीबाहेरची जागा वाटून दिली होती त्यांच्या दृष्टीने गावाची शांतता म्हणजे त्यांच्या मौनाचेच दुसरे नाव होते. म्हणून संविधानाच्या उद्देशिकेतील बंधुता आणि गावगाड्यातील एकोपा यांना समानार्थी मानणे ही वैचारिक चूक ठरेल. एकोप्यात प्रत्येकाची जागा आधी ठरलेली असते. बंधुतेत ती नव्याने ठरवण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो.

आप्तभावाची वर्तुळेही अशीच तपासावी लागतात. श्रावणातील कानबाईच्या उत्सवात रोटांसाठी घरातील माणसे मोजून धान्य घेतले जाते आणि तो प्रसाद भाऊबंदांतच खाल्ला जातो. दूरदूरच्या भाऊबंदांना वर्षातून एकदा एका चुलीशी आणणारी ही रीत हृद्य आहे. पण मोजणीतून निर्माण होणारा जिव्हाळा मोजणीबाहेरच्यांविषयी काहीच बोलत नाही. ‘आम्ही’ची ऊब खरी असते, तिला ‘आपण’ समजण्याची घाई मात्र करू नये.

४

गावगाड्यात परक्यालाही एक जागा होती. वासुदेव, गोंधळी, नंदीवाले, डवरी गोसावी हे ऋतुमानाने येत. वेश, वाद्य आणि गाणे यांवरून ओळखले जात. दारात भिक्षा आणि गावाबाहेर पालापुरती जमीन त्यांना मिळे. तो परका होता, पण अपेक्षित परका होता. या व्यवस्थेचेही उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गाव-गाडा’ या ग्रंथात फिरस्त्यांचा जो विचार आला आहे, तो मुख्यतः कुणब्यावरचा भार म्हणून. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढील रूपांनी भटकेपणालाच गुन्ह्याची छाया दिली. १९५२ साली कायदा गेला, छाया राहिली. तरीही परक्याला ओळखण्याची एक भाषा गावाजवळ होती, एवढे मान्य करावे लागेल. वेश पालटले, गाणी ऐकेनाशी झाली, आणि ती भाषा विसरली गेली.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातले होते. दिवस आठवडे बाजाराचा होता. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा भ्रमणध्वनीवरून त्यांच्याआधीच येऊन पोहोचली होती. त्यांना मारले गेले ते ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. या तपशिलाची भीषणता तात्त्विक विवेचनात हरवू देता कामा नये. ज्या जागी गावाने एकत्र बसून शहाणपणाने निर्णय घ्यावेत, अशी परंपरा आणि कायदा या दोहोंचीही अपेक्षा आहे, त्याच जागी हे घडले. ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण समूहाच्या सामर्थ्याचा गौरव म्हणून शाळेपासून शिकवली जाते. समूहाचे सामर्थ्य कोणत्या दिशेने वळेल याविषयी ती काहीही सांगत नाही, हे या घटनेनंतर लपवता येणार नाही.

या घटनेचे खापर एखाद्या जमातीच्या स्वभावावर फोडणे सोपे आहे आणि म्हणूनच ते टाळले पाहिजे. साक्रीचा हा भाग प्रामुख्याने आदिवासी आहे. आणि १८१८ नंतर इंग्रजी अंमलाने ज्या भिल्लांना लुटारू ठरवून १८२५ पासून ‘भिल्ल कोअर’च्या शिस्तीत बांधले, तेही याच प्रदेशातले. संशयाचे बळी ठरलेले समूह दुसऱ्यावर संशय घेण्यापासून आपोआप मुक्त होत नाहीत, हेच कटू सत्य अलेक्झांड्रातही दिसले होते. शहरी, शिकलेला समाजही यापासून दूर नाही. ६ जानेवारी २०१३ रोजी धुळे शहरात एका खाणावळीतील किरकोळ भांडणातून दंगल पेटली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जणांचा बळी गेला. एकमेकांच्या बोली, सण आणि चवी जाणणाऱ्या शेजाऱ्यांमध्ये हे घडले. परिचय म्हणजे सहजीवन नव्हे, हा त्याचा धडा.

५

मग लोकशहाणपणाला बाजूला सारून केवळ कायद्याच्या आधारे सहजीवनाचा विचार करावा काय? आफ्रिकी तत्त्वचिंतकांमध्ये झालेला वाद येथे मार्गदर्शक ठरतो. बेनिनचे पॉलिन हुंटोंडजी यांनी १९७० च्या दशकात असा आक्षेप घेतला की म्हणी आणि मिथके गोळा करून त्यांना एका संपूर्ण जमातीचे तत्त्वज्ञान म्हणणे हा भ्रम आहे. त्यात सर्वांचे एकमत गृहीत धरले जाते आणि वाद घालणारी व्यक्ती नाहीशी होते. केनियाचे हेन्री ओडेरा ओरुका यांनी या आक्षेपाला वेगळ्या मार्गाने उत्तर दिले. त्यांनी खेड्यांतील वृद्ध ज्ञात्यांशी संवाद केले आणि त्यांत दोन प्रकार पाहिले. एक, जमातीचे शहाणपण अचूक जतन करून सांगणारा. दुसरा, त्याच शहाणपणाला प्रश्न विचारणारा, प्रसंगी आपल्याच लोकांशी असहमत होणारा. दुसरा निरक्षर असला तरी तत्त्वचिंतक आहे, असे ओरुकांचे प्रतिपादन होते.

हा भेद बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्या काव्यविचाराला लावून पाहण्यासारखा आहे. असोद्यात जन्मलेली, अक्षरओळख नसलेली, अकाली वैधव्य आलेली ही शेतकरी स्त्री. सोपानदेवांच्या आणि आचार्य अत्र्यांच्या प्रयत्नांनी १९५२ साली तिची गाणी ग्रंथरूप झाली. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव मिळाले. मराठी समीक्षेने तिचे वर्णन बहुधा लोकसंचिताचा उत्स्फूर्त उद्गार असे केले; म्हणजे ओरुकांच्या भाषेत, पहिल्या प्रकारात तिला बसवले. हा गौरव तिच्या विचारशक्तीला कमी लेखणारा आहे. माणसाला उद्देशून तो माणूस केव्हा होणार असे विचारणारी, त्याचा मतलबीपणा आणि हाव यांचा हिशेब मांडणारी, गोठ्यातले जनावर त्याच्यापेक्षा बरे ठरवणारी तिची कविता संचिताचा पुनरुच्चार करत नाही. ती संचिताच्या मालकांनाच जाब विचारते.

येथे एका आफ्रिकी सिद्धान्ताशी तिची तुलना करता येईल. नायजेरियाचे इफेयानी मेंकिटी यांनी १९८४ च्या आपल्या निबंधात असे मांडले की माणूसपण जन्मतः मिळत नाही, समाजात राहून ते क्रमाक्रमाने कमवावे लागते. घानाचे क्वामे ग्येक्ये यांनी या भूमिकेतील समूहाच्या अमर्याद अधिकाराला हरकत घेतली. माणूसपण समूहच देत असेल, तर समूहाने ज्याला ते नाकारले त्याचे काय, ही शंका तिच्याविषयी उरतेच. बहिणाबाईही माणूसपण कमवावे लागते असेच मानते. परंतु ते प्रमाणित करण्याचा अधिकार ती समूहाला देत नाही. तिच्या कवितेत समूह न्यायासनावर बसलेला नसून आरोपीच्या जागी उभा आहे, आणि साक्षीला गोठ्यातले मुके जनावर आहे. साक्षीदाराची ही निवड अर्थपूर्ण आहे. मुक्या जनावराला बोली नाही, जात नाही, वेस नाही. म्हणून त्याच्यापुढे ‘आम्ही’ची कोणतीही सबब चालत नाही.

संबोधनाचे व्याकरणही पाहावे. ही कविता ‘आम्ही’ म्हणत नाही. ती एकवचनी ‘तू’ला हाक मारते, आणि ऐकणारा जो कोणी असेल तो त्या हाकेच्या कक्षेत येतो. राईनपाड्यात ‘हे कोण?’ हा संशय परक्याच्या दिशेने गेला. बहिणाबाईंच्या कवितेत प्रश्नाची दिशा उलटते. समोरचा माणूस आहे की नाही हे ठरवण्यापूर्वी विचारणाऱ्यानेच आपले माणूसपण सिद्ध करावे, अशी मागणी ती करते. सहजीवनाच्या नीतीचा आरंभ या उलटलेल्या दिशेत आहे. अर्थात, कविता जमाव थांबवू शकत नाही. त्यासाठी पोलीस, न्यायालय आणि अफवेला वेळीच उत्तर देणारी यंत्रणा लागते. पण जमावात सामील होण्यापूर्वी एखादा माणूस थबकतो तो कायद्याच्या कलमाच्या आठवणीने क्वचितच. बहुधा बालपणापासून कानावर पडलेल्या एखाद्या शब्दाने थबकतो. तो शब्द कोणता असावा, एवढे तरी साहित्याच्या हाती आहे.

६

परंपरेचाच आधार घेऊन परंपरेच्या वेशीला धक्का देण्याचे एक उदाहरण खानदेशाशी जोडलेले आहे. साने गुरुजी कोकणातले. पण अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आणि नंतर १९२४ ते १९३० या काळात तेथील शाळेत त्यांची घडण झाली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच लिहून घेतली. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी दहा दिवस उपोषण केले. अद्वैताचे पाठ आणि भक्तीची समता तोपर्यंत शतकानुशतके ऐकली जात होती. दार मात्र बंद होते. गुरुजींनी बाहेरून नवे तत्त्व आणले नाही. वारकरी परंपरा जे ‘आपण’ म्हणत होती ते प्रत्यक्षात ‘आम्ही’ आहे, एवढेच त्यांनी तिच्यासमोर ठेवले आणि त्याची किंमत स्वतःच्या देहाने मोजली. दार उघडले. वाळवंटात गायली गेलेली समता उंबरठ्यापर्यंत यायला एका माणसाचा हट्ट लागला, ही गोष्ट परंपरेच्या अभ्यासकाने विसरू नये.

यावरून लोकशहाणपणाच्या अभ्यासाची एक दिशा सुचते. म्हणी, ओव्या आणि रीती यांचे संकलन करताना त्यांतील एकमतापेक्षा मतभेद टिपणे अधिक महत्त्वाचे आहे. कोणती म्हण कोणाच्या तोंडी आहे, ती कोणाला उद्देशून आहे, आणि तिच्या विरोधात कोणी काय म्हणून ठेवले आहे, हे प्रश्न विचारल्याशिवाय तिला मूल्य म्हणून मिरवू नये. वेशीबाहेरून, पालातून, पाड्यावरून आलेला प्रतिवाद हाही त्याच परंपरेचा भाग आहे. किंबहुना सहजीवनाच्या दृष्टीने तोच तिचा सर्वांत मौल्यवान भाग आहे. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या अंतिम संविधानात ‘उबुन्तु’ हा शब्द उरला नाही; आशय राहावा, शब्द गेला तरी चालेल, असे समर्थन त्यावर करता येईल. खानदेशात आणि महाराष्ट्रात स्थिती याउलट आहे. शब्द सभांच्या भाषणांत, विद्यापीठांच्या नावांत आणि पाठ्यपुस्तकांत भरपूर आहेत.

मराठीने आपल्या बोलणाऱ्यांना दोन सर्वनामे दिली आहेत. परका दारात उभा असताना त्यांतले कोणते उच्चारायचे, हे भाषा ठरवून देत नाही. ते ठरवण्याची जबाबदारी बोलणाऱ्याची असते.